व्हायरल लोड दबलेला असताना परमा, गरमी असलं काही झालं तर? (सांगली-मिरज-सातारा पट्ट्यातल्यांसाठी)

किल्लाभाग
हा प्रश्न लोक मला खासगीत विचारतात आणि तिथंच विरून जातो, म्हणून इथं उघड धागा काढतेय. मी मिरजेत राहते, एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. प्रश्न असा की नवरा-बायकोपैकी एकाला एचआयव्ही आहे, एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू आहेत, गोळ्या वेळच्या वेळी जातात, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट "टार्गेट नॉट डिटेक्टेड" (विषाणू सापडला नाही) आलाय, आणि मधेच दुसरा कुठला तरी गुप्तरोग झाला, परमा (गोनोरिया) म्हणा गरमी (सिफिलिस) म्हणा हर्पीसचे फोड म्हणा, तर आता जोडीदाराला एचआयव्ही लागणार का?

उत्तर आधीच देऊन टाकते. नाही. व्हायरल लोड खरंच दबलेला असेल आणि गोळ्या चालू असतील तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही, आणि मधे दुसरा आजार झाला म्हणून हे बदलत नाही. तो दुसरा आजार मात्र जोडीदाराला नक्की जाऊ शकतो, त्याचा इलाज दोघांनीही करायचा. हे दोन वेगळे विषय आहेत आणि आपल्याकडं ते एकात एक घालून माणसाला घाबरवलं जातं, अगदी दवाखान्यात बसलेली माणसंसुद्धा घाबरवतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

ही भीती आली कुठून तेही सांगते, कारण ती हवेतून आलेली नाही. २००८ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा उघडपणे सांगितलं की औषधानं विषाणू सहा महिने दबलेला असेल तर तो माणूस संबंधातून एचआयव्ही देत नाही. पण त्याला त्यांनी एक अट जोडली होती, दुसरा कुठला गुप्तरोग नसावा. तेव्हा त्याबद्दल पुरेसा पुरावा नव्हता म्हणून सावधगिरीनं घातलेली अट होती ती. पुढं पुरावा आला आणि अट गळाली, पण अनेकांच्या डोक्यात ती तशीच राहिली.

पुरावा म्हणजे काय, तर युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला. पहिल्या भागात ८८८ जोडपी होती, स्त्री-पुरुष आणि पुरुष-पुरुष दोन्ही, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, औषधानं विषाणू दबलेला आणि कंडोम न वापरता संबंध. साधारण ५८,००० वेळा. २०१६ ला निकाल आला, जोडीदाराकडून एकालाही लागण नाही. दुसरा भाग फक्त पुरुष-पुरुष जोडप्यांचा, ७८२ जोडपी, ७६,००० च्या वर वेळा, २०१९ ला निकाल, तिथंही शून्य. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की या दुसऱ्या भागातल्या एचआयव्ही नसलेल्या पुरुषांपैकी जवळपास एक चतुर्थांशांना त्या काळात कुठला ना कुठला गुप्तरोग होऊन गेला होता. तरीही जोडीदाराकडून शून्य. पंधरा जणांना एचआयव्ही झाला, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर कळलं की तो घरच्या जोडीदाराचा नव्हता, बाहेरून आलेला.

तुम्ही विचारा, मी आणि इथली जाणकार मंडळी उत्तरं देऊ. कुणीही स्वतःचं नाव, गाव, दवाखाना लिहू नका.

बेदाणा_तासगाव
ताई माहिती चांगली आहे पण युरोपातली जोडपी आणि आपली जोडपी एकच का? तिथं औषधं वेगळी, खाणंपिणं वेगळं, तपासण्या दर दोन-तीन महिन्याला. आपल्याकडं वर्षातनं एकदा व्हायरल लोड. मी एवढंच म्हणतोय की लोकांना शून्य शून्य सांगून मोकळं सोडू नका, कंडोम सांगा.

किल्लाभाग
@बेदाणा_तासगाव दादा, शंका रास्त आहे म्हणून नीट उत्तर देते. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास होता, नऊ देशांत, १,७६३ जोडपी, जवळजवळ सगळी स्त्री-पुरुष, आणि त्या नऊ देशांत भारत होता. चेन्नई होतं आणि आपलं पुणं होतं, भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली जोडपी त्यात होती. २०११ ला निकाल आला की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, शेवटच्या हिशेबात ९३ टक्के.

आता तुम्ही म्हणाल, मग उरलेले सात टक्के? ते बघायला पाहिजेच, कारण सगळी गोम तिथंच आहे. औषध घेणाऱ्यांकडून जी मोजकी संक्रमणं झाली ती एक तर औषध नुकतंच सुरू झालेलं आणि विषाणू अजून दबलेला नव्हता तेव्हा, किंवा औषध लागू पडेनासं होऊन विषाणू परत वर आला होता तेव्हा. विषाणू नीट दबलेला असताना एकही नाही. म्हणून नुसतं "गोळ्या चालू आहेत" याच्यावर जायचं नाही, रिपोर्ट बघायचा. सुरुवातीचे सहा महिने कंडोम लागतोच. आणि कंडोमला माझा अजिबात विरोध नाही, परमा, गरमी, नको असलेलं गरोदरपण यासाठी तो आहेच की. पण ज्या बाईचा नवरा वर्षानुवर्षं गोळ्या चुकवत नाही आणि रिपोर्ट दबलेला आहे तिला तू रोज मरणाच्या दारात झोपतेस असं सांगायचं, हे खोटं आहे आणि क्रूर पण आहे.

गलाई_दक्षिण
नमस्कार. मी विट्याकडचा, गलाईचं, म्हंजी सोनं-चांदी गाळायचं, दुकान हाय खाली दक्षिणेत. जादा सांगत न्हाई. मला एचआयव्ही हाय, गोळ्या चालू, शेवटचा रिपोर्ट नॉट डिटेक्टेड. बायको गावाकडं, तिचा निगेटिव्ह. मला मधी लघवीला जळजळ आणि पू यायला लागला, इथल्या एका डॉक्टरला दाखवलं, त्यानं माझी एआरटीची फाईल बघितली आणि म्हणाला आता तुमचा विषाणू वाढला असणार, बायकोजवळ जायचंच न्हाई कायमचं. दिवाळीला गावाकडं जाणार हाय. आमाला दुसरं मूल पाहिजे, तिनं तर नाव पण काढून ठिवलंय. मी तिला काय तोंड दाखवू कळंना.

किल्लाभाग
@गलाई_दक्षिण भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचा प्रश्न तीन भागात तोडूया.

पहिलं, पू येतोय म्हणजे परमा किंवा तसलाच दुसरा आजार असण्याची शक्यता मोठी, आणि तो बरा होतो. सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, तुम्ही आहात त्या राज्यातही असणार. तिथं त्रासानुसार ठरलेल्या रंगाचं औषधाचं किट मिळतं, पू येत असेल तर राखाडी, फुकट. किट घेतलं की काम संपलं असं नाही, त्याच वेळी गरमीची रक्ततपासणी पण करून घ्या, एकासोबत दुसरं असू शकतं.

दुसरं, व्हायरल लोड. रक्तातला विषाणू औषधानं दाबून धरलेला असताना परम्यानं तो असा उसळत नाही की जोडीदाराला जाईल. एवढंच की गोळ्या मधे चुकल्या असतील तर एआरटीवाल्यांना खरं सांगा आणि नवीन टेस्ट मागा. दुकानाच्या गडबडीत, प्रवासात, गाव बदलताना चुकतात, ते समजू शकते.

तिसरं वहिनी. तुम्ही आजारी पडण्याच्या आसपासच्या काळात त्यांच्याजवळ गेला असाल तर त्यांचीही तपासणी आणि इलाज व्हायला पाहिजे, एचआयव्हीसाठी नाही, परम्यासाठी. बाईला बऱ्याचदा काहीच त्रास जाणवत नाही आणि आतून गर्भाशयाच्या नळ्यांना सूज येऊन पुढं मूल राहायला अडचण होते. तुम्हाला तर मूल पाहिजे. दोघांचा इलाज झाल्यावर सात दिवस संबंध नको, नंतर पुढं. विषाणू दबलेला असेल तर मूल नैसर्गिक पद्धतीनं होऊ शकतं, आधी एआरटी सेंटरला सांगून, रिपोर्ट ताजा करून.

शिक्षक_आटपाडी
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. गावाकडं बायको असताना पू येतोय म्हणजे काय झालं हे सगळ्यांना कळतंय. त्यावर कुणीच का बोलत नाही? इलाज फुकट, किट फुकट, मग माणूस सुधारणार कधी?

वॉर्डसिस्टर_पलूस
@शिक्षक_आटपाडी गुरुजी, मी ओपीडीत काम केलेली बाई आहे. तुम्ही बोलता तेच ऐकायला लागेल म्हणून माणूस सुरक्षा क्लिनिकला जात नाही, स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात रंगवलेल्या वैदूकडं जातो नाहीतर मेडिकलमधनं दोन गोळ्या घेतो. अर्धी मात्रा, चुकीची गोळी. सिप्रोफ्लॉक्सासिननं पूर्वी परमा जायचा, आता बहुतेक वेळा जात नाही, जंतू त्याला सरावले, तरी काउंटरवरनं तीच मिळते. पू थांबला की माणूस म्हणतो बरा झालो. झालेला नसतो. आणि शेवटी ते सगळं त्या घरात बसलेल्या बाईच्या पोटात जातं. तुम्हाला तिची काळजी असेल तर त्या माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत यायला सोपं करा, बाकीचं बोलणं नवरा-बायकोचं आहे ते ती दोघं करतील.

गलाई_दक्षिण
गुरुजी तुमचं खरं हाय. चुकलंच. पण सिस्टर म्हणत्यात तेच झालं, आधी मी मेडिकलमधनंच गोळ्या घेतल्या होत्या. थांबलं आणि परत आलं.

शिक्षक_आटपाडी
@गलाई_दक्षिण भाऊ, मी जरा कडक बोललो. आधी इलाज करून घ्या. घरी नीट या.

कराडचा_डॉक्टर
उशिरा आलो. मी फिजिशियन आहे, या विषयातला तज्ज्ञ म्हणवून घेणार नाही पण वाचलेलं आणि बघितलेलं सांगतो. किल्लाभाग यांनी जे लिहिलंय ते विषाणू दबलेल्या माणसाबद्दल अगदी बरोबर आहे. पण नाण्याची दुसरी बाजू पण लोकांना कळायला हवी, कारण हा धागा वाचून कुणी असं समजू नये की गुप्तरोगांचा आणि एचआयव्हीचा काही संबंधच नाही. संबंध आहे, फार मोठा आहे, फक्त तो औषध न घेणाऱ्या किंवा अजून तपासणीच न झालेल्या माणसांमध्ये आहे.

दोन बाजूंनी आहे. ज्याला एचआयव्ही नाही पण जननेंद्रियावर जखम आहे, हर्पीसचा फोड आहे, आतून सूज आहे, त्याची कातडी फाटलेली असते आणि त्या जागी शरीर ज्या पेशी लढायला पाठवतं त्यात नेमक्या सीडी-४ पेशी असतात, ज्यांच्यात हा विषाणू शिरतो. जननेंद्रियाचा हर्पीस असलेल्या माणसाला एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट धरतात. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत झालेल्या कामातही हेच दिसलं, हर्पीस नुकताच झालेल्यांना धोका जास्त. दुसरी बाजू, ज्याला एचआयव्ही आहे आणि औषध नाही. मलावीत १९९७ साली बघितलं गेलं की परम्यासारखी लघवीच्या वाटेची सूज असलेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणू सूज नसलेल्यांच्या आठ पट होता, आणि प्रतिजैविक दिल्यावर तो खाली आला. रक्तातला फारसा बदलला नव्हता, वीर्यातला वाढला होता. म्हणून ती जुनी भीती. पण तेव्हा त्या माणसांना एआरटी मिळत नव्हती हे विसरू नका.

मग लोकांना वाटलं की गुप्तरोगांचा इलाज केला की एचआयव्ही थांबेल. टांझानियात म्वान्झा भागात १९९५ साली तसं झालंही, दवाखान्यांत चांगला इलाज सुरू केला तर नवीन एचआयव्ही साधारण ४० टक्क्यांनी घटला. मग युगांडात राकाईला घरोघरी सगळ्यांना औषधं वाटली, १९९९ ला निकाल, एचआयव्हीवर परिणाम शून्य. पुढं हर्पीसचं असायक्लोव्हिर रोज देऊन बघितलं, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा ३,४०० च्या आसपास जोडप्यांत, २०१० ला निकाल. जखमा जवळजवळ तीन चतुर्थांश कमी झाल्या, रक्तातला विषाणू पण थोडा उतरला, पण जोडीदाराला जाणं थांबलं नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्याच्या सहभागाचा तो एआरटीचा (एचपीटीएन ०५२) निकाल आला. माझ्या मते या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. जखम बरी करणं त्या माणसासाठी गरजेचंच, पण एचआयव्ही जोडीदाराकडं जाणं थांबवायचं असेल तर थेट एचआयव्हीवरच औषध पाहिजे, बाजूबाजूनं काम होत नाही.

बेदाणा_तासगाव
डॉक्टर हे छान उलगडून सांगितलंत. म्हणजे ज्याला गरमी झाली तो एचआयव्हीच्या तपासणीला गेलाच पाहिजे असं ना?

कराडचा_डॉक्टर
अगदी. कुठलाही गुप्तरोग झाला की त्याच वेळी एचआयव्ही आणि गरमी, दोन्हीच्या रक्ततपासण्या. आणि निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत, कारण नुकतीच लागण झालेली असेल तर तपासणीत लगेच दिसत नाही, आणि नेमक्या त्या पहिल्या आठवड्यांत रक्तात विषाणू भयंकर वाढलेला असतो, माणूस सगळ्यात जास्त तेव्हाच दुसऱ्याला देतो. सुरुवातीच्या टप्प्यातली गरमी बेन्झाथीन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका डोसनं जाते, इतका स्वस्त इलाज. जोखमीचा प्रसंग आत्ताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जा, एचआयव्ही लागू नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स असतो, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं.

घरची_मी
मी पहिल्यांदाच लिहितेय. लग्नाला बरीच वर्षं झाली. नवऱ्याच्या कपाटात मला गोळ्यांची बाटली सापडली, वर नाव वाचून नेटवर बघितलं तर एचआयव्हीची निघाली. त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मला अंगावरून पांढरं जातंय बरेच दिवस, मी लाजेनं कुणाला दाखवलं नाही. मला खूप भीती वाटतेय. मुलांना पण असेल का. सासूबाई घरात असतात मी कुठं जाऊ आणि कसं जाऊ.

किल्लाभाग
@घरची_मी ताई, आधी एक श्वास घ्या. ते गोळ्या घेतायत ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे, नियमित घेत असतील आणि बराच काळ घेत असतील तर तुम्हाला लागण झालेली नसण्याची शक्यता खूप आहे. पण अंदाजावर बसायचं नाही, तुमची तपासणी तुम्ही करून घ्यायची. जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल, तिथल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा. पांढरं जातंय म्हणून दाखवायला आले एवढं घरी सांगितलं तरी खोटं नाही ते. तपासणी फुकट, तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि रिपोर्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगायचा त्यांना अधिकार नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. घरातून बोलता येत असेल तर १०९७ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. मुलांचं नंतर बघू, तुमची निगेटिव्ह आली तर मुलांना आईकडून जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

पांढरं जाणं प्रत्येक वेळी गुप्तरोगच असतो असं नाही, बुरशीनं पण होतं. पण दाखवायचंच.

वॉर्डसिस्टर_पलूस
@घरची_मी ताई, केंद्रातल्या माणसासमोर बोलायला लाज वाटली तर सरळ म्हणायचं मला बाई कर्मचाऱ्याशी बोलायचंय.

शिक्षक_आटपाडी
कायद्यात नवऱ्यानं सांगणं बंधनकारक नाही का? आणि दवाखाना तिला का सांगत नाही?

किल्लाभाग
@शिक्षक_आटपाडी गुरुजी, कायदा असं म्हणतो की समुपदेशन झालेल्या माणसानं दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची, त्यात धोका कमी करायचे उपाय येतात किंवा संबंधाआधी सांगणं येतं. बाईला सांगितल्यावर मारहाण होण्याची, घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर तिच्यावर हे बंधन नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, पण कधी, तर जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे, माणसाला सांग म्हणून समजावलंय, तो सांगणार नाही अशी खात्री झालीय आणि आम्ही सांगणार आहोत असं त्याला कळवलंय, तेव्हाच, आणि समोरासमोर. मी स्वतः जमेल तितका प्रयत्न करायचे की त्यानंच आणावं तिला सोबत. दबलेल्या व्हायरल लोडचा रिपोर्ट हातात असला की माणसाला बायकोशी बोलायचं बळ येतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्यापासून तिला आता जाणार नाही हे कळलं की तो निम्मा मोकळा होतो, आणि मगच तिला तपासणीला घेऊन येतो.

गोकुळनगर_शेजार
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. आपल्या सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्था काम करते आणि १९९६ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना आहे, व्हॅम्प, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्या बायकांनी गिऱ्हाईकाला कंडोम लावायला लावला आणि गुप्तरोगाच्या इलाजाला एकमेकींना दवाखान्यात नेलं, ते जिल्ह्यात कुणी बोलायला तयार नव्हतं तेव्हा. लोक त्यांनाच रोगाचं मूळ म्हणायचे. उलट घरच्या बाईपेक्षा त्यांना माहिती जास्त होती. वरती ताईंचं वाचून पोटात तुटलं, घरात बसलेल्या बाईला सांगणारं कोण होतं?

कराडचा_डॉक्टर
@गोकुळनगर_शेजार याला पुण्याचा आकडा जोडतो. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांमध्ये १३.६ टक्के एचआयव्ही सापडला होता. बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नव्हता. घरातच लागण झाली. तेव्हा फुकट एआरटी नव्हती, ती देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि सीडी-४ कितीही असो सगळ्यांना लगेच औषध हे धोरण २०१७ पासून. आज तसं होण्याचं कारण नाही, फक्त तपासणी व्हायला हवी आणि गोळ्या पोचायला हव्यात.

कृष्णाकाठ
गोळ्या पोचण्याचं म्हणालात म्हणून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पहिला मजला गेला, माझ्या ओळखीतल्या एका माणसाच्या गोळ्या घरातच राहिल्या आणि ते शाळेतल्या छावणीत. सगळ्यांसमोर कुणाला सांगणार कसल्या गोळ्या पाहिजेत. बरेच दिवस खंड पडला. असा खंड पडला तर ते "नॉट डिटेक्टेड" किती दिवस टिकतं?

किल्लाभाग
@कृष्णाकाठ फार नाही टिकत. नॉट डिटेक्टेड म्हणजे विषाणू संपला असं नव्हे, सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर मोजण्याइतकं पाणी राहिलं नाही म्हणून कृष्णा आटली असं कुणी म्हणत नाही तसंच आहे हे. शरीरात तो लपून बसलेला असतो आणि गोळ्या पूर्ण थांबल्या की साधारण दोन ते चार आठवड्यांत परत वर येतो. एखादा डोस उशिरा झाला म्हणून घाबरू नका, पण काही दिवसांचा खंड पडला की कंडोम परत सुरू, सेंटरला लगेच सांगायचं, परत सुरू करून पुढची व्हायरल लोड टेस्ट दबलेली येईपर्यंत थांबायचं. डॉक्टरांनी मघाशी सांगितलेला गुप्तरोगाचा धोका अशा खंडाच्या काळात परत लागू होतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला नदीकाठच्या माणसानं काही दिवसांच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत, कागदपत्रांच्या सोबत ठेवाव्यात. गोळ्या संपल्या आणि आपलं सेंटर पाण्यात असेल तर दुसऱ्या एआरटी सेंटरला हिरवं-पांढरं जे काही पुस्तक असेल ते दाखवून मागा, पुस्तक वाहून गेलं असलं तरी जा.

बेदाणा_तासगाव
रिपोर्टवर कधी आकडा येतो, कधी नॉट डिटेक्टेड. माझ्या एका नातेवाइकाला शंभरच्या वर काहीतरी आला तर तो रात्रभर झोपला नाही. तो दबलेला धरायचा का?

कराडचा_डॉक्टर
हो. मघाच्या पार्टनर अभ्यासात २०० कॉपीजच्या (एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती) खाली तो दबलेला धरला होता. थोडासा वर येऊन परत खाली जाणं होतं कधीकधी, त्यानं लगेच काही बिघडत नाही, पुढची टेस्ट बघायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट केलं की यंत्राला सापडत नाही तिथं शरीरसंबंधातून धोका शून्य, आणि सापडतो पण १,००० च्या खाली आहे तिथं जवळजवळ शून्य. हजाराच्या वर गेला तर मात्र सेंटरवाले गोळ्यांबद्दल खोलात विचारतील, परत टेस्ट होईल, औषध बदलावं लागेल का ते ठरेल. आपल्याकडं सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी अशी टेस्ट असते, फुकट, चुकवू नका.

वॉर्डसिस्टर_पलूस
यात एक बारीक गोष्ट जोडते कारण ती कुणी सांगत नाही. हल्ली बहुतेकांना जी एकच गोळी मिळते त्यात डोल्युटेग्राव्हिर असतं. त्याच्यासोबत ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी एकाच वेळी घेतली तर एचआयव्हीची गोळी अंगाला नीट लागत नाही. एआरटी आधी घ्यायची, ॲसिडिटीचं त्याच्यानंतर दोन तासांनी, नाहीतर ॲसिडिटीचं आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं पण तेच, पण त्या जेवणासोबत एआरटीबरोबर चालतात, उपाशीपोटी नको. गरोदर बायकांना तर लोह-कॅल्शियम दोन्ही दिलेलं असतं आणि आपल्याकडं ॲसिडिटीची गोळी घरोघरी. अशानं व्हायरल लोड वर गेलेली माणसं मी बघितलीत, गोळी एक दिवस चुकवली नव्हती त्यांनी.

गलाई_दक्षिण
सिस्टर मी रोज जेवणानंतर ॲसिडिटीची गोळी आणि एआरटी एकदमच घेतो. रात्रीचं. कितीतरी दिवस झालं.

वॉर्डसिस्टर_पलूस
@गलाई_दक्षिण भाऊ, आजपासून वेगळं करा, आणि दिवाळीच्या आधी व्हायरल लोड नव्यानं करून मागाच. हे कारण सांगा, नाही म्हणणार नाहीत. तो रिपोर्ट येईपर्यंत वहिनींसोबत कंडोम. मूल त्याच्यानंतर, महिना-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

घरची_मी
गरोदरपणाचं वाचलं म्हणून विचारते, दबलेला असला तर बाळाला दूध पाजलं तरी काही होत नाही का?

वॉर्डसिस्टर_पलूस
ताई, दुधाचं थोडं वेगळं आहे. आई नियमित गोळ्या घेत असेल आणि विषाणू दबलेला असेल तर दुधातून जाण्याचा धोका एक टक्क्याच्याही खाली, पण शरीरसंबंधासारखा तिथं शून्य म्हणता येत नाही. आपल्याकडं आईच्या गोळ्या चालू ठेवून सहा महिने फक्त अंगावरचं दूध हे सांगतात, वरचं पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, आणि बाळाला पण औषध असतं, त्याच्या तपासण्या ठरलेल्या असतात. सुई एकमेकांची वापरणाऱ्यांना पण हा शून्यचा नियम लावायचा नाही.

घरची_मी
आज जाऊन आले. सासूबाईंना सांगितलं पोटात दुखतंय. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. गरमीची पण नाही. पांढऱ्याची औषधं दिली हिरव्या रंगाचं पाकीट. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तिथल्या ताई खूप चांगल्या होत्या. नवऱ्याला मी अजून काही बोलले नाही, कसं बोलू ते सुचत नाही.

किल्लाभाग
@घरची_मी ताई, मला किती बरं वाटलं सांगू. बोलायची घाई नको. त्याच केंद्रातल्या ताईंना सांगून ठेवा, पुढच्या वेळी नवऱ्यालाही सोबत घेऊन या म्हणतील तर जोडप्याचं समुपदेशन एकत्र होतं, तिथं बोलणं सोपं जातं. तुम्ही बाटली बघितलीय हे चिडून न सांगता, मला माहिती आहे आणि माझी तपासणी झालीय, तुमचा व्हायरल लोडचा रिपोर्ट मला दाखवा, एवढं म्हटलं तरी पुरे. तो रिपोर्ट बघायला मागा. गोळ्यांची बाटली दिसली म्हणजे विषाणू दबलेला आहेच असं नाही. रिपोर्ट दिसेपर्यंत कंडोम, आणि नवरा नाही म्हणत असेल तर मला खासगीत लिहा किंवा १०९७ ला फोन करा.

वॉर्डसिस्टर_पलूस
एक राहिलंच. ज्या बायकांना एचआयव्ही आहे आणि या धाग्यावर नुसतं वाचतायत त्यांच्यासाठी. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका तुम्हाला इतर बायकांपेक्षा सहा पट धरतात, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं, तो पण संबंधातूनच येतो आणि एआरटीनं व्हायरल लोड दबला तरी तो आपोआप जात नाही. पंचविशीपासून तपासणी सुरू करायची, दर तीन ते पाच वर्षांनी. एआरटी सेंटरला गोळ्या आणायला जाल तेव्हाच विचारा, बऱ्याच ठिकाणी त्याच आवारात स्त्रीरोगाच्या ओपीडीत होते, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही फारसं.

गलाई_दक्षिण
किट मिळालं, घेतलं. गरमीची तपासणी झाली, निगेटिव्ह. व्हायरल लोडला रक्त दिलं, रिपोर्ट यायला वेळ लागंल म्हणाले. बायकोला फोनवर सगळं सांगितलं. रडली. मग म्हणाली रिपोर्ट आला की आधी मला सांगा. तिची तपासणी आमच्या तालुक्याला कुठं होईल, मुलगा लहान हाय, लांब जायला जमत न्हाई तिला.

किल्लाभाग
@गलाई_दक्षिण भाऊ, विट्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारायला सांगा, तिथंच सगळं झालं तर सांगलीला यायची गरज नाही. बाह्यरुग्ण विभाग सकाळी लवकर गाठला की मुलाला घेऊन दुपारपर्यंत घरी परत. तुम्हाला जे किट दिलं त्याची चिठ्ठी फोटो काढून त्यांना पाठवा, जोडीदार म्हणून ती दाखवली की वहिनींना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.